कॅमेरा मेला म्हणायच्या आधी एवढं बघा राव

चैत्र यात्रेला जोतिबाला गेलेल्या मावसभावाचा दुपारी फोन, मागं हलगी, ढोल, चांगभलंचा गजर, आणि हा ओरडतोय, "दादा कॅमेरा मेला!" म्हणलं मेला म्हणजे नेमकं काय झालं ते इस्कटून सांग. चालू होतोय का? होतोय. स्क्रीनवर काय दिसतंय? लेन्सबद्दल काहीतरी एरर आलाय. लेन्स काढलीवतीस का? हो, सासनकाठ्या, म्हणजे यात्रेत नाचवायच्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, जवळनं घ्यायच्या म्हणून तिथंच गर्दीत बदलली. आता काय बोलणार, वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, त्या दिवशी हवेपेक्षा गुलाल जास्त असतो आणि हा पठ्ठ्या तिथं लेन्स बदलतोय.

तर ओळखीपाळखीतले बरेच "मेलेले" कॅमेरे माझ्याकडं येतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त मेलेले नसतातच. मी काय मेकॅनिक नाही, आतला एक स्क्रूपण खोलत नाही, फक्त बाहेरनं आत बघत जातो. आधी बॅटरी, मग कार्ड, मग सेटिंग, मग लेन्स आणि सगळ्यात शेवटी सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागं आत असलेला फोटो टिपणारा भाग. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्यांदा सेन्सरच पुसायला घेतात.

चालूच होत नसेल तर बॅटरी काढा, तिचे पिवळे पॉइंट कोरड्या सुती कापडानं पुसा, परत बसवा. मग झाकण बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरीच्या नाहीतर कार्डाच्या झाकणाला आतनं एक बारीक खुंटी असते, ती आतला स्विच दाबते, झाकण नीट बसलं नाही की कॅमेरा गप्प. एका मित्राचा कॅमेरा दोन महिने कपाटात "बिघडून" पडलेला, खुंटीपाशी वाळूचा एक कण होता, बस. आणि बॅटरी फुल दाखवून पाच मिनिटात संपत असेल तर ती म्हातारी झालीय, तिला कितीबी चार्ज करा. वापरात नसताना बॅटरी बाहेर काढून अर्धी चार्ज करून ठेवायची, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून नाही.

कार्ड लॉक आहे असं आलं तर एसडी कार्डाच्या बाजूची ती इवलीशी खिट्टी खाली सरकलीय, वर करा, झालं. कार्ड एरर येत असेल तर आधी दुसरं कार्ड घालून बघा म्हणजे दोष कार्डाचा का कॅमेऱ्याचा ते कळतं. जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड चालत नाही म्हणून बरेचजण येतात, त्याचं असंय की ३२ जीबीपर्यंतची कार्डं एका पद्धतीची आणि त्यावरची वेगळ्या पद्धतीची, जुन्या कॅमेऱ्याला ती नवी ओळखू येत नाहीत, त्यात कॅमेऱ्याची चूक नाही. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही. आणि चुकून फोटो डिलीट झालेच, बहिणीच्या हळदीचे गेले म्हणा, तर त्या क्षणी कार्ड बाहेर काढा आणि त्यावर एकपण नवीन फोटो काढू नका. डिलीट केल्यावर फोटो लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते, नवीन फोटो त्या जागेवर बसला की मग जुना खरंच गेला. फोटोरेक म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यानं बऱ्यापैकी परत मिळतात, पण मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका, कॉम्प्युटरवर करा.

आता सेटिंगची भानगड. पावसाळ्यात पन्हाळ्यावरनं हमखास येणारी तक्रार म्हणजे "बटण दाबतोय पण फोटोच निघत नाही, लेन्स नुसती घुर्रघुर्र करतेय." अरे भावा, समोर गडाचा तो मोठा 'तीन दरवाजा'पण दिसत नाही एवढं धुकं पडलंय, कॅमेरा फोकस करणार कशावर? ऑटोफोकसला गडद आणि उजळ यातला फरक लागतो, नुसत्या पांढऱ्यात त्याला काही सापडत नाही, आणि फोकस बसला नाही तर बरेच कॅमेरे फोटो काढायलाच नकार देतात. दगडाच्या कडेवर, कमानीच्या रेषेवर किंवा कुणाच्या तरी काळ्या छत्रीवर फोकस धरा, नाहीतर मॅन्युअलवर टाकून हातानं करा. आणि घरी आल्यावर ते बटण परत ऑटोवर आणा, नाहीतर पुढच्या आठवड्यात "सगळे फोटो ब्लर येतायत" म्हणून तुमचाच फोन यायचा. व्ह्यूफाइंडरमधनं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतनं, सगळंच पुसट दिसतंय पण फोटो चांगले येतायत असं असेल तर डोळ्याजवळचं बारीक चाक फिरलंय, ते आपल्या नजरेला जुळवून घ्या.

तालमीत फोटो काढणाऱ्यांचं वेगळंच. ट्यूबलाइट नाहीतर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि लोकांना वाटतं सेन्सर गेला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करता फोटो काढायची सेटिंग, चालू असेल तर आधी ते बंद करा, मग शटरचा वेग १/१०० सेकंदावर आणा, पट्टे जातात. अडचण अशी की १/१०० ला डाव मारणारा पैलवान हलून येतो. मग कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर, म्हणजे दिवा उजळ असतानाच फोटो टिपणारी सेटिंग, असेल तर ती लावा आणि १/५०० ला जा, नसेल तर दोघं एकमेकांना धरून क्षणभर थांबतात तेव्हा काढा, तेच फोटो जास्त भारी येतात असं माझं मत.

रंकाळा तलावावर संध्याकाळी माणसं काळी येतात तो बिघाड नाही. मागचा सूर्य बघून कॅमेरा उजेड कमी करतो, एक्स्पोजर प्लसकडं न्या नाहीतर फ्लॅश मारा.

परत गुलालाकडं येतो. भावाला म्हणलं आहे तसाच कॅमेरा पिशवीत घाल, कापड लावू नको, तोंडानं फुंकर मारू नको, घरी घेऊन ये. फुंकर मारली की थुंकीचे बारीक थेंब जातात आणि गुलाल ओला झाला की चिकटून डाग पडतो. संध्याकाळी आला, काळा कॅमेरा पार गुलाबी, झूम रिंग फिरवली तर करकर आवाज. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कॅमेरा बंद. आधी मऊ ब्रशनं बाहेरचा झाडला, रिंगच्या फटीत रबरी पंपानं हवा मारली, मगच लेन्स काढली, आणि काढताना तोंड खाली धरलं म्हणजे धूळ आत पडायच्या ऐवजी बाहेर पडते. लेन्सच्या मागं ते सोनेरी पॉइंट असतात, लेन्स आणि बॉडी त्यातनंच एकमेकांशी बोलतात, त्यावर गुलाबी थर. कोरड्या मायक्रोफायबरनं हलक्या हातानं पुसले, लेन्स बसवली, कट् असा आवाज येईपर्यंत फिरवली, एरर गायब. हा मर्दा नुसता बघतच बसला.

गुलाल सेन्सरवर गेलाय का ते बघायला अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घ्यायचं भोक, एफ २२ वर टाकून म्हणजे बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दर फोटोत त्याच जागी दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. बॅटरी फुल करून मेनूतल्या क्लीनिंग मोडला जा, कॅमेरा पालथा धरा, रबरी पंपानं हवा मारा, पंपाचं टोक आत घालू नका. डब्यातली प्रेशरची हवा अजिबात नको, ती कधी कधी गार फवारा सोडते आणि सेन्सरवर डाग पडतो. एवढ्यावर गेलं नाही तर जाणकाराकडं द्या, सेन्सर पुसायचं काम मी स्वतःपण करत नाही.

आणि आपल्या पावसाळ्याचं काय सांगू. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरी बुरशी येते ना, तशीच लेन्सच्या आतल्या काचेवर येते. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड लेन्समधनं आरपार टाकून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी लागली. ती बाहेरनं पुसून जात नाही, लेन्स खोलावी लागते, आणि लई दिवस राहिली तर काचेवरचा थरच खाते, मग साफ करूनपण खूण राहते. म्हणून चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरतं. भांड्याच्या दुकानात मिळणारा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० च्या मधे असला पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते भरलेत, मंद आचेवर गरम करून परत निळे करा, पण त्यासाठी जुना टाकाऊ तवा घ्या, भाकरीचा नको.

एसी गाडीतनं उतरल्या उतरल्या गगनबावड्याच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. उतरायच्या आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास राहू द्या. भिजलाच तर चालू होतोय का बघायचा मोह आवरा, बॅटरी आणि कार्ड लगेच काढा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली एक दोन दिवस ठेवा. तांदळात पुरायचं खूळ डोक्यातनं काढा, तांदळाची भुकटी आत जाते आणि ओल काही नीट निघत नाही.

हे सगळं करून नाहीच झालं, किंवा पडल्यामुळं लेन्स वाकडी बसतेय, तर मग खुशाल दुरुस्तीला द्या. देताना कार्ड, बॅटरी, पट्टा काढून घ्या, बॉडीचा नंबर पावतीवर लिहून घ्या आणि "बिघडलाय" एवढंच न सांगता कधी, कशानं आणि स्क्रीनवर काय येतंय ते कागदावर लिहून द्या. एकदा मी नुसतं "बघा जरा" म्हणून दिलावता, महिनाभरानं सेन्सर साफ केल्याचं बिल आलं, आणि दोष होता फ्लॅशमध्ये.