पाटी नवी, गंज जुना

जुन्या जाहिरातींच्या एनॅमल पाट्या म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेली काच. तिचा रंग सहसा विटत नाही, टवका उडतो. तोही स्क्रूच्या भोकांशी, कडांना, कोपऱ्यांत. तिथे पत्रा उघडा पडतो आणि गंज धरतो. म्हणून नवी पाटी रंगवून अशी जुनी दिसवायची असेल, तर गंजाच्या जागा आधीच कागदावर ठरवा. अक्षराच्या मधोमध उगाच पाडलेला डाग लगेच खोटा वाटतो. नमुन्याला खरी जुनी पाटी मिळाली तर ती खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पत्रा साधा लोखंडी, २२ गेज जाडीचा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला नको: त्यावर थेट लावलेल्या ऑइल पेंटची जस्ताशी क्रिया होते आणि पापुद्रे सुटतात. भोकं आधीच पाडा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, रेड ऑक्साइडचा (लाल अस्तराचा) एक हात द्या. मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये २४ तास. पांढरा शुभ्र नको. त्यात पिवळ्या मातकट रंगाचे थोडे थेंब टाका.

अक्षरं कागदावर काढून रेषेवर सुईने २-३ मिमी अंतराने भोकं पाडा. मागचा खरखरीतपणा घासून काढा, नाहीतर पूड खाली उतरत नाही. कागद पाटीवर धरा आणि खडूची पूड पुरचुंडीत बांधून त्यावर थोपटा (फिक्या पाटीवर कोळशाची). उमटलेल्या ठिपक्यांवरून अक्षरं रंगवा. गोल अक्षरं ओळीच्या वरच्या-खालच्या रेषेबाहेर किंचित जाऊ द्या, तरच ती इतरांएवढी दिसतात. सावली एकाच दिशेला. अक्षर आणि सावलीत बारीक फट ठेवली की हाताची थरथर लपते.

आठवडाभर वाळू द्या. मग ठरलेल्या जागी चाकूने रंग पत्र्यापर्यंत खरवडा. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २४० मिली, व्हिनेगर ३० मिली, मीठ पाऊण छोटा चमचा असं मिश्रण हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर लावा. काही मिनिटांत गंज दिसू लागतो. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करू नका, वायूने ती फुटू शकते. लावताना पाटी जशी टांगणार तशीच उभी ठेवा: ओघळ भोकाखाली सरळ उतरले पाहिजेत. आडव्या पाटीवर नुसतं थारोळं साचतं.

पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा आणि मगच मॅट व्हार्निश द्या. ओल राहिली तर गंज आत वाढतो आणि व्हार्निश उचलतो.