लेबल नसलेले पेलेट कसे ओळखले

माझी भाची इंदूरला दहा मीटर एअर रायफल खेळते. तिला लेबल नसलेल्या डबीत बरेच पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, मिळाले. सगळे चपट्या डोक्याचे, 0.177 इंची मापाचे. पण या पेलेटच्या डोक्याचा व्यास साधारण 4.49 ते 4.52 मि.मी. असा वेगवेगळा येतो, आणि कुठला मानवेल हे ज्या त्या रायफलच्या नळीवर असतं. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मि.मी.चा, तिथे सरमिसळ चालत नाही.

साध्या व्हर्निअर कॅलिपरवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप 0.02 मि.मी., म्हणजे इथे बिनकामाचं. इंदूरच्या सियागंज बाजारातून 0.01 मि.मी. पर्यंत मोजणारा मायक्रोमीटर आणला, आधी शून्य तपासलं. शिसं फार मऊ. हाताने आवळलं की पेलेट दबतो आणि माप कमी येतं. म्हणून शेवटचा फेरा रॅचेटनेच (दाब ठरावीक ठेवणाऱ्या टोकाच्या मुठीने) द्यायचा, टिक् वाजलं की थांबायचं. मोजायचं ते डोकं, मागचा घेर मुळातच मोठा असतो. प्रत्येक पेलेट जरा फिरवून पुन्हा मोजला. डोकं चेपलेलं असेल तर दोन मापं जुळत नाहीत. असे सरळ बाजूला काढले.

बहुतेक 4.50 चे निघाले, थोडे 4.52 चे. दोन्ही मापांचे पेलेट रायफल टेकवून मारून पाहिले. “मामा, 4.50 चेच ठेव,” भाची म्हणाली. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.