उभ्या राहिलेल्या पद्मिनीचं जाम इंजिन सोडवताना

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटारगाडी दोन-चार पावसाळे ताडपत्रीखाली उभी राहिली की बहुतेक वेळा इंजिन जाम होतं. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा बिडाच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजाने धरतात. हा गंज सुटतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. सेल्फ मारू नका, गिअरमध्ये टाकून गाडी ढकलू तर मुळीच नका. त्यात रिंगा तुटतात आणि पिस्टनच्या खाचाही फुटतात.

बॅटरीची तार काढा, गाडी न्यूट्रल करा. सेल्फ खोलून बाजूला ठेवा, कारण त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत अडकलं तरी इंजिन जामच वाटतं. मग चारही प्लग काढून टॉर्चने आत बघा. पिस्टनवर पाणी दिसलं तर हेड उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आत कोरडं असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं घेऊन प्रत्येक सिलिंडरमध्ये 30-40 मिली ओता. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवा. अॅसिटोन चटकन पेटतो आणि गाडीचा रंगही खातो, तेव्हा जपून. काही जण कोला ओततात. त्यात आम्ल आणि पाणी दोन्ही असतं, म्हणजे गंजाला पुन्हा आमंत्रण. प्लगच्या भोकांवर फडकं टाका, रोज पातळी बघून भर घाला. आठवडाभर थांबा.

इंजिन फिरवण्याआधी रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) काढा, नाहीतर अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी काडी) वाकवतो. आता क्रँकपुलीच्या नटावर पाना लावून हाताच्या जोराने फिरवा, पान्याला पाइप जोडू नका. केसभर हललं की थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे.

हललंच नाही तर हेड आणि चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवा. 1-4 आणि 2-3 हे पिस्टन जोडीने चालतात. ते मधल्या उंचीवर असतील तर सागाचा ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. अगदी वर किंवा खाली असतील तर ठोका थेट बेअरिंगवर बसतो. तिथे कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर टाकून त्या खोला आणि पिस्टन सुटा करा. बोअरवर नखाला ओरखडा लागला तर रिबोअरच (बोअर कापून मोठा करणं). 68 मिमी बोअरला रिंगचा गॅप (दोन टोकांमधली फट) साधारण 0.27 मिमी ठेवा; कमी राहिला तर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टन पुन्हा धरतो.

न खोलता सुटलं, तरी चेंबरमधलं ऑइल अॅसिटोनने पातळ झालेलं असतं. ते आणि फिल्टर बदला, रॉकर शाफ्ट परत बसवा. सेल्फ जोडून, प्लग काढलेलेच ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा, मगच कॉम्प्रेशन मोजा.