घोडा कॅम्पवरचं पाणी पीत नाही?

आरव्हीमागे (राहण्याची सोय असलेल्या गाडीमागे) घोडीचा ट्रेलर लावून अमेरिकेतल्या टेनेसीतल्या बिग साउथ फोर्क या जंगल-दऱ्यांच्या राखीव भागात कॅम्पला गेलो, की आमची घोडी तिथल्या पाण्याला नाक लावायची, फुरफुरायची आणि तोंड फिरवायची. घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हातल्या रपेटीनंतर तर जास्तच.

1. निघण्याआधी चार-पाच दिवस घरच्या पाण्यात बादलीमागे कपभर सफरचंदाचा रस घाला. वास ओळखीचा होतो.
2. कॅम्पवरही तेवढाच रस, आणि बादली घरचीच. (नव्या बादलीवरही आमची घोडीबाई रुसते!)
3. पहिल्या रात्रीपुरतं घरचं पाणी कॅनमधून न्या.

शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवाच. लॅमिनायटिस (खुरांच्या आतला दाह) झालेल्या घोड्याला मात्र रस नको, त्यात साखर असते.