चेक इंजिनचा लाइट लागला? सर्व्हिस सेंटरमध्ये असं वागा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा लाइट लागला की काहीजण महिनोन्‌महिने तसेच फिरतात. काहीजण घाबरून सर्व्हिस सेंटरला किल्ली देतात आणि "बघा काय ते" म्हणून ऑफिस गाठतात. मी दुसऱ्या प्रकारातला होतो आणि त्याचे साडेसात हजार मोजले. ते कसे गेले ते पुढे सांगतो, कारण तुमचे वाचावेत असं मनापासून वाटतं.

आधी रंग बघा

लाल लाइट म्हणजे थांबा. तेलाच्या बुधलीचा किंवा तापमानाचा लाल लाइट लागला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" या विचाराने इंजिन जाम होतं.

पिवळा लाइट स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर ती सांभाळून सर्व्हिस सेंटरपर्यंत नेता येते. तोच लाइट लुकलुकत असेल तर मात्र नेऊ नका. बहुतेक वेळा तो मिसफायर असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा पार्ट भाजून निघतो.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट वेगळा ओळखायला शिका. शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की फिल्टरमध्ये काजळी साठते. पुष्कळदा हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालवली की ती जळून लाइट जातो. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. ती करून पाहण्याआधी दुरुस्तीचे पैसे भरू नका.

जॉब कार्डवर तुमचे शब्द

निघण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा फोटो काढा, त्यात किलोमीटर दिसू द्या. लाइट कधी लागला, इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का, हे फोनमध्ये लिहून ठेवा. वॉरंटी आणि एक्सटेंडेड वॉरंटीचे कागद सोबत घ्या.

काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, घाईत "जनरल चेकअप" लिहून मोकळा होतो. त्याला थांबवा. "सकाळी थंड इंजिनवर चेक इंजिन लाइट लागतो" असं तुमच्या शब्दांत लिहायला लावा आणि वाचूनच सही करा. त्याखाली "विचारल्याशिवाय जादा काम करू नये" आणि "बदललेले पार्ट परत द्यावेत" ही दोन वाक्यंही घाला. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो, पण पैसे देऊन बदललेला जुना पार्ट जरूर मागा.

स्कॅनर तुमच्यासमोर लावायला सांगा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की स्क्रीनवर बिघाडाचा कोड येतो. त्याचा फोटो घ्या आणि नंबर जॉब कार्डवर चढवा. हे सगळं कोड इरेज करण्याआधी झालं पाहिजे. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान अशी नोंद कोडसोबत साठलेली असते आणि इरेज केल्यावर तीही पुसली जाते.

कोड म्हणजे निदान नव्हे

माझ्या गाडीत पी०१३५ आला होता. हा ऑक्सिजन सेन्सरच्या, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पार्टच्या, हीटर सर्किटचा कोड. सर्किट म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर आणि सेन्सर, सगळं मिळून. त्यांनी सरळ सेन्सर बदलला. चार दिवसांनी लाइट परत लागला.

दुसऱ्या खेपेला मी काम चालू असलेल्या गाडीपासून हललो नाही. एका जुन्या मेकॅनिकने सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टीमीटर लावला. तिथे बारा व्होल्ट यायला हवे होते, आकडा शून्यावर. मग तो टॉर्च घेऊन वायरीच्या मागे मागे गेला. इंजिनामागे, हात जेमतेम शिरेल अशा जागी, उंदराने आवरण कुरतडलं होतं आणि तांब्याचे धागे हिरवे पडून तुटले होते. वायर जोडायला वीस मिनिटं लागली. "आधीचा सेन्सर द्या" म्हटलं तर उत्तर आलं, "तो स्क्रॅपमध्ये गेला." तो चांगला होता हे दाखवायला माझ्या हातात काहीच उरलं नाही.

म्हणून एस्टिमेट आलं की एकच प्रश्न विचारा: "हा पार्टच गेलाय हे काय तपासून ठरवलं?" व्होल्टेज मोजलं, फ्यूज पाहिला, वायर तपासली, असं काही उत्तर मिळालं पाहिजे. "कोड तसाच दाखवतोय" एवढंच म्हणाले तर होकार देऊ नका. सोबत इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश असं काही जोडलेलं असेल तर ते या कोडशी कसं संबंधित आहे तेही विचारा.

गाडी घेताना आणि नंतर

पुन्हा स्कॅन करून घ्या, थोडी ट्रायल मारा. बिलात पार्ट नंबर आणि लेबर वेगळं हवं. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

लाइट परत लागला तर नवीन जॉब कार्डवर जुन्याचा नंबर टाकून "तीच तक्रार पुन्हा" असं लिहून घ्या, म्हणजे तपासणीचे पैसे दुसऱ्यांदा लावताना त्यांना विचार करावा लागतो. अ‍ॅडव्हायझरशी भांडत बसू नका, वर्क्स मॅनेजरला भेटा. तिथे हललं नाही तर फोटो आणि बिलं जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. फोनवरचं आश्वासन नंतर कुणालाच आठवत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते आणि वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. दोन्ही जॉब कार्डं आणि कुरतडलेल्या वायरीचा फोटो ईमेलने पाठवला, तिसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरचा फोन आला. दोन्ही वेळचं लेबर परत मिळालं. सेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.