नर्सिंगचं पहिलं वर्ष: पेशीच्या प्रकरणाची तयारी

आधी मोजमापं पक्की करा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रोमीटर. माणसाची तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटरची, बरेचसे जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचे, आणि विषाणू तर कॉलेजच्या मायक्रोस्कोपला दिसतच नाहीत.

मग पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, घ्या आणि इथे घाई करू नका. बहुतेक मुलं केंद्रकापासून सुरुवात करून पटल दोन ओळींत उरकतात, पण वॉर्डात रोज गाठ पडते ती पटलाशीच. ०.९ टक्के मिठाचं सलाइन शिरेतून चालतं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर गेलं तर तांबड्या पेशी पाणी ओढून घेतात, फुगतात आणि फुटतात. तांबडी पेशी सलाइनमध्ये, साध्या पाण्यात आणि जास्त खारट द्रावणात कशी दिसेल, याच्या तीन आकृत्या न बघता काढता आल्या पाहिजेत. पाठोपाठ पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप: एक एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) खर्चून ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत.

ओआरएससुद्धा इथेच समजून घ्या. त्यातली साखर केवळ ताकदीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच प्रथिनामार्फत जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट चालू राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडत असताना याच द्रावणावर असंख्य जीव वाचवले. परीक्षेत विचारोत न विचारोत, हे प्रत्येक नर्सला माहीत असायलाच हवं.

पेशीतल्या बाकीच्या अंगकांच्या व्याख्या घोकण्यापेक्षा कोणत्या पेशीत काय जास्त आणि का, ते लिहून काढा. हृदयाच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी अंगकं, भरपूर. पक्व तांबड्या पेशीत मात्र केंद्रकही नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही नाहीत. ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतः तो वापरत नाही. ती सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी (तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी तपासणी) मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतं. जिवाणूला पेशीभित्तिका असते, आपल्या पेशीला नसते. पेनिसिलिन नेमकं तिच्यावर घाव घालतं. पेशीविभाजनाच्या अवस्था क्रमानं पाठ करा, आणि केमोथेरपीत केस का गळतात, तोंड का येतं, हे त्यांच्याशी जोडून बघा.

प्रॅक्टिकलला गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड हमखास असते. मिथिलीन ब्लूचा एकच थेंब, मिनिटभर थांबा, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडा. आधी १० एक्स, मग ४० एक्स. जाड काळ्या कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा, तो जर्नलमध्ये काढू नका. पेशीची कड वेडीवाकडी असते आणि मध्ये गडद निळा ठिपका दिसतो.