घरच्या घरी व्हॉइस-ओव्हर: पहिला माइक कसा निवडावा

माझा पहिला माइक फार चांगला होता. तीच अडचण झाली. माझ्या आवाजाबरोबर त्याने मागच्या गल्लीतल्या यंत्रमागाची खटखट, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि रस्त्यावरचा भंगारवाला, सगळं इमानेइतबारे टिपलं. एका क्लासच्या जाहिरातीला आवाज द्यायचं चाळीस सेकंदांचं काम होतं. पाठवलं, तर पाच मिनिटांत फोन आला. "मॅडम, तुम्ही रेल्वेत बसून बोललात का?"

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. इथे माग चालू असणं म्हणजे घरात पैसा येणं, त्यामुळे खटखटीबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि मीही करणार नाही. पण त्या फोननंतर कळलं की मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आधी माइक घेतला आणि मग खोलीकडे पाहिलं. तुम्ही तसं करू नका.

पहिली पायरी: पैसे न खर्चता खोली ऐका

जिथे बसून बोलणार आहात तिथे मोबाइल ठेवा, रेकॉर्डर सुरू करा आणि खोलीबाहेर जा. एक मिनिट पुरे. हे दिवसातून चार वेळा करा: सकाळी सहाला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला. नळाला पाणी येण्याच्या दिवशी एकदा जास्तीचं करा, कारण त्या दिवशी गल्लीभर मोटारी सुरू असतात. मग इअरफोन लावून ऐका आणि काय काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. बरेच मोबाइल मागचा आवाज स्वतःहून थोडा दाबतात. तरीही जे ऐकू आलं, ते चांगल्या माइकमध्ये येणारच येणार.

माझ्या कागदावर सगळ्यात वर होता छताचा पंखा. माग दुसऱ्या क्रमांकावर. पंखा बंद करता येतो हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पंख्याविना बंद खोलीत दहा मिनिटं बसून दाखवा. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे रेकॉर्ड करते. मागांचं वेळापत्रक मात्र शेजारी विचारून घ्यावं लागलं.

"अण्णा, दुपारी माग कधी थांबतात?"

"जेवणाला एक तास. का हो अक्का, डोकं दुखतंय का?"

"नाही हो, रेकॉर्डिंग करायचंय."

"मग आधी सांगायचं ना. मोठं काम असलं की सांगा, दहा मिनिटं उशिरा चालू करतो."

या दहा मिनिटांनी जे काम केलं ते कुठल्याही महागड्या माइकने केलं नसतं.

दुसरी पायरी: टाळी वाजवा, चादर टांगा

खोलीच्या मध्यभागी एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं तर खोली घुमते. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या घरात ते येतंच. हे शेपूट रेकॉर्डिंगमध्ये एकदा गेलं की नंतर काढणं महाकठीण. बाथरूममध्ये बोलल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

इथे आपण सोलापूरकर नशीबवान. जाड सोलापुरी चादर कपाटात पडलेली असतेच. ती भिंतीला चिकटवून ताणू नका. दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि चुण्या पडतील अशी टांगा, कारण अंतर आणि चुण्या दोन्हींमुळे ती जास्त आवाज शोषते. पहिली चादर तुमच्या पाठीमागे हवी. बरेच जण ती माइकमागे लावतात. पण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागची भिंतही त्याच्या समोरच असते. दुसरी चादर असेल तर ती माइकच्या मागे लावा, तुमचा आवाज जिथे जाऊन आदळतो तिथे.

एक गैरसमज मात्र ठेवू नका. चादर घुमणं कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्यासाठी जड भिंत आणि घट्ट बंद होणारी खिडकी लागते. शिवाय मागाची धडधड नुसती हवेतून येत नाही, ती जमिनीतून टेबलात आणि टेबलातून स्टँडमध्ये चढते. माइकच्या स्टँडखाली चार पदरी घडी घातलेला टॉवेल ठेवल्यावर माझ्या रेकॉर्डिंगमधली खालची घुमघुम बरीच उतरली. टॉवेलही सोलापूरचाच, हे सांगायला नको.

तिसरी पायरी: कंडेन्सर की डायनॅमिक

आता माइककडे वळू. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि वीज तयार होते. रचना दणकट, बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पट्टी असते. दोघांमधलं अंतर बदललं की विद्युत संकेत बदलतो. पडदा हलका असल्याने तो बारीकसारीक आवाजालाही दाद देतो, पण आतल्या सर्किटला वीज द्यावी लागते. स्टुडिओच्या कंडेन्सरला साधारणपणे केबलमधूनच ४८ व्होल्ट पुरवतात. तिला फँटम पॉवर म्हणतात.

फरक आकड्यांत पाहा. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बनणारा डायनॅमिक माइक ठरावीक मोठ्या आवाजाला सुमारे १.९ मिलीव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला सुमारे १४ मिलीव्होल्ट देतो. म्हणजे सातपटीहून जास्त.

यावरून दुकानदार सांगतात, "डायनॅमिक घ्या, बाहेरचा आवाज घेतच नाही." हे अर्धवट खरं आहे. माइकला तुमचा आवाज कुठला आणि मागाचा कुठला हे कळत नाही. कमी संवेदनशील माइक दोन्ही सारखेच हळू ऐकतो, आणि मग तुम्ही गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करायची पातळी, वाढवला की दोन्ही सारखेच वर येतात. खरं काम करतं ते अंतर. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. गल्लीतला माग मात्र होता तिथेच राहतो. डायनॅमिक माइक अगदी चार बोटांवरून बोलण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून तो गोंगाटाच्या घरात सोयीचा पडतो. कंडेन्सरपासून साधारण वीतभर लांब बसावं लागतं.

तर माझं मत सरळ आहे: कागदावरची यादी लांब असेल आणि तुमच्या हातात नसेल, तर डायनॅमिक. खोली शांत असेल, आतल्या बाजूला असेल, पहाटेची शांतता मिळत असेल, तर कंडेन्सरमध्ये आवाजाची जी झळाळी येते ती डायनॅमिकला येत नाही.

दोन्हींत एक गोष्ट समान बघा: खोक्यावर 'कार्डिऑइड' लिहिलेलं हवं. असा माइक समोरचं जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून माइकची पाठ गोंगाटाच्या खिडकीकडे करा. मी वर्षभर माइकचं तोंड खिडकीकडे करून बसत होते, कारण तिथे उजेड चांगला यायचा!

चौथी पायरी: जोडणार कशाला

यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलच्या, माइकला मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो. ही माइकचा आवाज लॅपटॉपला समजेल असा करून देणारी डबी, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. नवशिक्याने यूएसबी घ्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त माइकवरच हेडफोनचं छिद्र आहे का ते बघा. स्वतःचा आवाज लगेच कानात आला पाहिजे. लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि बोलताना जीभ अडखळते.

दोन्ही जोडण्या असलेले डायनॅमिक माइकही मिळतात. सॅमसनचा क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स ही त्यातली ओळखीची नावं. आज यूएसबीवर चालवा, काम वाढलं की इंटरफेस घेऊन तोच माइक पुढे वापरा. पहिला माइक म्हणून मला हा प्रकार सगळ्यात शहाणा वाटतो.

मोबाइलवरच काम करायचं असेल तर हजाराच्या आसपास मिळणारा बोयाचा बीवाय-एम१ हा कॉलर माइक सरावाला वाईट नाही. पण तो सगळ्या दिशांनी ऐकतो. त्याला पाठ नाही. मोबाइलला गोल छिद्र नसेल तर कनेक्टर वेगळा घ्यावा लागेल, आणि तो माइक चालवणाराच आहे ना हे विचारून घ्या, कारण काही कनेक्टर फक्त हेडफोनपुरते असतात.

हजार-दीड हजारात माइक, स्टँड, जाळी, स्पंज असा सगळा संच देणारी खोकी दिसतात. माइक दिसतो अगदी स्टुडिओतला. आत बहुधा आवाज टिपणारी छोटी साधी कॅप्सूल असते आणि रिकाम्या खोलीतही 'सूं' आवाज येतो. मोह टाळा. दुसऱ्या टोकाला शुअरचा एसएम७बी, जो पॉडकास्टच्या व्हिडिओंत सगळ्यांसमोर दिसतो. त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो, साधा इंटरफेस तिथे धापा टाकतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाचवी पायरी: विकत घेण्याआधी मागून आणा

गणपती मंडळाचा साउंडवाला, भजनी मंडळ, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, यांच्यापैकी कुणाकडे तरी एसएम५८ च्या जातीचा माइक असतो. इंटरफेस असलेल्या मित्राकडे तो घेऊन जा आणि तासभर बोलून बघा. तुमच्या आवाजाला तो कोंदट करतो का, जाड आवाजाला शोभतो का, हे तासाभरात कळतं. विकत घेणार असाल तर सावध राहा. एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे निम्म्या किमतीत मिळाला तर तो तो नाहीच.

चाचणीला काय वाचायचं? "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" अजिबात नको. मराठीत माइकची परीक्षा घेणारी अक्षरं वेगळी आहेत. फ, भ, प, ठ यांना हवेचा झोत जातो आणि माइकवर 'भप्प' आदळतो. स, श, च यांची शिट्टी स्वस्त माइकमध्ये कानात टोचते. मी हे वाचते: "भल्या पहाटे फुफाट्यातून भाकरी घेऊन पोपटराव ठाण्यापर्यंत पोचले. सासूबाईंनी शेंगाचटणी चमच्याने चाखली. चार चांदीच्या चमच्यांचं चीज झालं." पहिल्या वाक्यात भपका किती आणि पुढच्या दोनांत टोचणी किती, ते ऐका. 'चाखली'मधला च आणि 'चीज'मधला च वेगळा ऐकू आला पाहिजे. तो फरक ज्या माइकमध्ये पुसट होतो, तो मराठीच्या कामाचा नाही.

हवेचा झोत अडवायला जाळी लागते. घरातली भरतकामाची रिंग घ्या, तिच्यावर पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माइकपासून चार बोटांवर अडकवा. त्याहून सोपं म्हणजे माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या किंचित बाजूला ठेवा. झोत सरळ निघून जातो, आवाज तेवढाच येतो.

आणि माइकच्या कुठल्या बाजूने बोलायचं ते पत्रकात वाचा. एटी२०२० किंवा ब्लू यती यांच्यात बाजूने बोलायचं असतं, शेंड्यात नाही. आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडाशी धरून बोलणारे मी पाहिलेत. मग ते म्हणतात, माइक मंद आहे.

सहावी पायरी: घरी आल्यावर पहिल्याच दिवशी

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, माइक देत असेल तर २४ बिट. सगळ्यात मोठ्याने बोलायचं वाक्य बोला आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील एवढाच गेन द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

मग दहा सेकंद गप्प बसा आणि तेवढाच तुकडा निवडून त्याची पातळी मोजा. ऑडिबल या बोलत्या पुस्तकांच्या सेवेवर पुस्तकं पोचवणाऱ्या एसीएक्सची अट अशी आहे की शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी आणि बोलण्याची सरासरी उणे २३ ते उणे १८ मध्ये. आपण तिथे काम करत नसलो तरी ही मोजपट्टी घरी वापरायला झकास आहे. पंखा चालू असताना माझी शांतता उणे ४५ च्या आसपास होती. पंखा बंद, खिडकी बंद, माइकची पाठ खिडकीकडे आणि अण्णांच्या जेवणाची वेळ, एवढं जुळल्यावर ती साठीच्या खाली गेली. माइक तोच होता.

हे सगळं माइक परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. दुपारी एकचं आणि संध्याकाळी सहाचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून ऐका, आधी हेडफोनवर आणि मग मोबाइलच्या स्पीकरवर, कारण तुमचा ग्राहक तिथेच ऐकणार आहे. तोवर बिल जपून ठेवा आणि खोकं रद्दीवाल्याला देऊ नका.